नेहमीपेक्षा उशिरा आलेली जहाजे

“त्या वर्षी जहाजे नेहमीपेक्षा उशिरा आली.” पर्यायी इतिहासाच्या, म्हणजे इतिहास एका वळणावर वेगळा घडला असे धरून लिहिलेल्या, माझ्या मालिकेतील तिसरी कादंबरी हातावेगळी झाल्यावर मी त्या जगातल्या लघुकथा लिहायला घेतल्या, आणि त्यांतल्या पहिल्या बऱ्या जमलेल्या कथेचे हे पहिले वाक्य आहे. कथा कालिकतच्या बंदरावर घडते आणि साल आहे 1447. पंधराव्या शतकाचा इतिहास ज्याने वाचलेला नाही, त्याला या वाक्यात काहीच वावगे वाटणार नाही. ज्याने वाचलेला आहे तो ‘नेहमीपेक्षा’ या शब्दापाशी थबकेल, कारण चीनच्या मिंग सम्राटाचे आरमार 1433 साली मायदेशी परतले ते परतलेच, आणि 1447 साली कालिकतच्या किनाऱ्यावर त्याची वाट पाहणारे कोणी उरले नसावे. तीन कादंबऱ्यांत सुमारे अकराशे पाने खर्चून मी जो बदल घडवून आणला होता, तो या एका क्रियाविशेषणात मावला हे लक्षात आले, तेव्हा आनंदापेक्षा ओशाळलेपण अधिक वाटले.

मालिकेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. योंगल सम्राटाने 1405 साली झेंग-हे या सेनापतीच्या हाताखाली हिंदी महासागरात आरमार धाडले. पहिल्याच सफरीत 27 हजारांहून अधिक माणसे होती, आणि 1433 पर्यंत अशा सात सफरी झाल्या; जहाजे होर्मुझपर्यंत आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. योंगल 1424 साली वारला. त्याच्या मुलाने गादीवर येताच सफरी थांबवण्याचा हुकूम काढला, पण तो वर्षभरातच गेला, आणि नातू श्वेंद याने सातवी सफर पाठवली. हा श्वेंद सम्राट 1435 च्या जानेवारीत, ऐन पस्तिशीत मरण पावला, गादीवर सात वर्षांचे पोर बसले आणि आरमार पुन्हा निघाले नाही. माझ्या मालिकेत इतिहासाला फाटा फुटतो तो इथे: श्वेंद त्या हिवाळ्यातल्या दुखण्यातून उठतो आणि आणखी वीस वर्षे राज्य करतो. बाकीचे सगळे त्यातून निघावे, लेखिकेने दुसऱ्यांदा हात घालू नये, असा माझा दंडक होता. तो मी कुठवर पाळला हे पुढे येईलच.

आधी चुकलेल्या कथांविषयी. कादंबऱ्या लिहिताना गाळलेली प्रकरणे माझ्याजवळ पुष्कळ होती, आणि त्यांना सुरुवात व शेवट जोडला की कथा होईल अशी माझी भाबडी समजूत होती. त्याप्रमाणे दोन कथा मी केल्याही. एकीत दरबारातील एका खोजा अधिकाऱ्याचे तारुण्य होते, दुसरीत दुसऱ्या कादंबरीतल्या एका वादळाचे वर्णन वेगळ्या जहाजावरून केलेले होते. दोन्ही कथा वाचणाऱ्याला कादंबरीची आठवण करून देत राहत, आणि कादंबरी न वाचलेल्याला त्यांत धरण्यासारखे काहीच सापडत नसे. जे प्रकरण कादंबरीतून गाळताना कादंबरीचे काही बिघडले नव्हते, त्यात स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ताकद मुळात नव्हतीच. मी त्या दोन्ही कथा बाजूला ठेवल्या आणि प्रश्न उलट बाजूने विचारला: या जगात असे काय आहे, जे कादंबरीला तिच्या आकारामुळेच दिसू शकत नाही?

कादंबरी बदलाच्या मागे धावते. तिला सम्राट लागतात, लढाया लागतात, निर्णयाचे क्षण लागतात, कारण बदल तिथे उघड दिसतो. प्रत्यक्ष इतिहासात 1449 साली तो पोर सम्राट तरुण होऊन ओइरात मंगोलांवर चालून गेला आणि तूमू येथे कैद झाला. माझ्या तिसऱ्या कादंबरीचा कणाच हा आहे, की ती मोहीम वेगळ्या माणसाने, वेगळ्या रीतीने हाताळली. वाचक दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहतो आणि त्याला गंमत वाटते. परंतु त्या जगात राहणाऱ्या माणसाच्या शेजारी दुसरी घटना ठेवलेली नसते. त्याच्या लेखी सम्राट जगला यात नवल ते काय, सम्राट जगतातच. आरमार दर काही वर्षांनी येते, जसा पाऊस येतो. ज्याला आपण पर्यायी इतिहास म्हणतो, तो त्याच्या दृष्टीने निव्वळ इतिहास असतो, किंबहुना तो इतिहासही नसतो, रोजचे जगणे असते. ‘नेहमीपेक्षा’ हा शब्द मला सुचला तो या विचारातून. कादंबरीने जे नवे म्हणून आणले, ते कथेने जुने झालेले दाखवायचे.

याच कारणासाठी मी कथांमधून एक गोष्ट कटाक्षाने वर्ज्य केली. या वाङ्मयप्रकारात पात्राच्या तोंडून वाचकाला डोळा मारण्याची सवय फार आहे, कोणी खलाशी म्हणतो, “समजा, ही जहाजे कधी आलीच नसती तर?” आणि वाचकाने गालातल्या गालात हसायचे. हा मोह मोठ्या लोकांनाही झालेला आहे, पण त्यांतल्या एकाने त्याचे सोने केले. विन्स्टन चर्चिल यांचा अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईवरचा एक निबंध 1931 सालच्या एका संग्रहात आहे. त्यातला कल्पित इतिहासकार अशा जगात राहतो जिथे दक्षिणेचा जनरल ली ती लढाई जिंकलेला आहे, आणि तो कल्पना करतो की ली हरला असता तर काय झाले असते. म्हणजे आपले जग तिथे कल्पित ठरते, आणि त्या इतिहासकाराला आपला इतिहास जरा अविश्वसनीयच वाटतो. तिथे तो डोळा मारणे नाही, कारण संपूर्ण निबंधच त्या उलट्या नजरेवर उभा आहे. एखाद्या कथेच्या मधल्या परिच्छेदात सहज टाकलेल्या वाक्याला तो आधार नसतो, आणि ते वाक्य नुसते लेखकाच्या हुशारीची जाहिरात होऊन बसते.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी पानिपतावर लिहिलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि लढाई मराठे जिंकतात, असे तिथले जग आहे. त्या कथेचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे आणि तो आपल्या जगातून त्या जगात जातो. त्यामुळे तुलना करण्याचा अधिकार त्याला कथेनेच दिलेला आहे. स्वतंत्र कथेला हा मार्ग मोकळा असतो. मालिकेतल्या कथेला तो बंद असतो, कारण एकदा का दोन जगांमध्ये ये-जा करणारा माणूस मालिकेत शिरला, की पुढच्या प्रत्येक कादंबरीत वाचक त्याचीच वाट पाहणार. माझ्या मालिकेत तसा कोणी नाही, आणि म्हणून तुलना करण्याचे काम मला पूर्णपणे वाचकावर सोडावे लागते. ज्याला ती करता येणार नाही, त्यालाही कथा पुरली पाहिजे, ही त्यातली खरी अडचण.

आता त्या कथेविषयी, जिने मला घाम फोडला. नायक नानजिंगमधील वेतनखात्यातला एक कारकून आहे. मिंग काळात सरकारी अधिकाऱ्यांच्या वेतनाचा काही भाग मिरी आणि पतंग नावाच्या झाडाचे लाकूड या मालाच्या रूपाने दिला जात असे. कागदी चलनाची किंमत सतत घसरत होती, आरमाराने आणलेला मिऱ्यांचा साठा मात्र कोठारांत पडून होता. ही गोष्ट मला कादंबऱ्या लिहितानाही माहीत होती आणि मी तिचा उपयोग सजावटीसारखा केला होता: अधिकारी घरी जातो, त्याच्या पिशवीतून मिऱ्यांचा वास येतो, वाचकाला काळाचा गंध मिळतो, प्रकरण पुढे सरकते. कथेत मात्र कारकुनाला प्रत्यक्ष मिरी मोजून द्यायची होती, त्यामुळे मला आकडा ठरवावा लागला, आणि आकडा ठरवायला बसल्यावर माझ्या ध्यानात आले की माझे जग चालूच शकत नाही.

कारण साधे होते. आरमार थांबले तर मिरी दुर्मीळ होतील आणि कारकुनाच्या हातातल्या मापाला मोल राहील. पण माझ्या जगात आरमार थांबलेच नव्हते. दर दोन-तीन वर्षांनी जहाजे भरून मिरी येत असतील, तर बाजारात तिचा भाव पडणार, आणि भाव पडला की जे अधिकारी वेतनात मिरी घेतात ते सगळे दरवर्षी थोडे थोडे गरीब होत जाणार. म्हणजे सफरींना विरोध करणाऱ्या विद्वान अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष इतिहासात जेवढी कारणे होती, त्याहून एक सबळ कारण माझ्या जगात मीच निर्माण करून ठेवले होते, आणि तिसऱ्या कादंबरीत, 1460 च्या सुमारास, तेच अधिकारी एका मेजवानीत सम्राटाच्या दूरदृष्टीची स्तुती करताना मी तब्बल बारा पाने रंगवले होते.

याच्या जोडीला कालव्याचा प्रश्न उभा राहिला. नानजिंगच्या गोद्यांत जहाजे बांधली जात त्यामागे सागरी सफरींखेरीज आणखी एक गरज होती: दक्षिणेकडचे धान्य उत्तरेकडे न्यायचे, आणि त्यातले काही समुद्रमार्गे जाई. 1411 साली महाकालव्याचा बुजलेला भाग पुन्हा खोदून वाहता केला गेला आणि 1415 पासून समुद्रमार्गे धान्य पाठवणे बंद झाले. गोद्यांना मग कालव्यात चालणाऱ्या उथळ होड्यांचे काम मिळू लागले. (कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्यावर पाणी कसे चढवावे हे कोडे सुटत नव्हते, तेव्हा बाय यिंग नावाच्या एका म्हाताऱ्या गावकऱ्याने जवळच्या नदीला बांध घालून तिचे पाणी दोन्ही दिशांना वळवण्याची युक्ती सुचवली, अशी नोंद आहे. इतिहास कधी कधी लघुकथा तयारच करून देतो आणि आपल्याला हात चोळत बसायला लावतो, कारण हे सगळे माझ्या फाट्याच्या आधीचे आहे.) सम्राटाची इच्छा एवढ्या एकाच खांबावर मी गोद्या पंचवीस वर्षे चालू ठेवल्या होत्या. कादंबरीत ते खपून गेले, कारण कादंबरीत आपण सम्राटाच्या दालनात असतो आणि तिथे इच्छा पुरते. वेतनखात्यात ती पुरत नाही.

तिसरी कादंबरी तोवर छापून वाचकांच्या हाती गेली होती, त्यामुळे ती बदलणे शक्य नव्हते. चार महिने कथा तशीच पडून राहिली. मग उत्तर मिळाले ते कारकुनाच्याच कामातून. त्याच्या वहीत मिऱ्यांचा भाव बाजारातून येत नाही, वरून येतो. पूर्वी कधीतरी एका फर्मानाने तो ठरला आणि नंतर कोणी बदललाच नाही. कागदावर अधिकाऱ्याला पूर्ण वेतन मिळते, बाजारात त्याच मिरीचा तिसरा हिस्साही हाती येत नाही, आणि दोन्ही भाव ठाऊक असलेला त्या इमारतीतील एकमेव माणूस म्हणजे हा कारकून. कथेत घडते ते इतकेच, की एक वृद्ध अधिकारी वेतन घ्यायला येतो, माप पाहतो, काहीही न बोलता अंगठ्याचा ठसा उमटवतो आणि जाताना पिशवी तिथेच विसरतो. ती खरोखर विसरली की ठेवून दिली, हे मी कारकुनाला कळू दिलेले नाही.

या कथेनंतर तिसऱ्या कादंबरीतल्या त्या मेजवानीकडे मला निराळ्या नजरेने पाहता आले. तिचा एकही शब्द बदलला नाही, पण स्तुती करणारे ते अधिकारी आता खोटे बोलत आहेत. पाहुण्यांसमोर आपली तंगी दिसू नये म्हणून ते मोठ्याने हसतात. माझ्या चुकीला मी दिलेली ही मलमपट्टी आहे हे मान्य करते. तरीही मूळ प्रसंगापेक्षा ती मला अधिक खरी वाटते, आणि चौथ्या कादंबरीचा आराखडा मी त्या थिजलेल्या भावाभोवती नव्याने बांधला आहे.

मालिकेतल्या कथांचे स्थान काय, हा वाद इथे येतो. कथा म्हणजे कादंबऱ्यांची तोंडीलावणी, कथेतल्या गोष्टी कादंबरीने मानल्या पाहिजेत असे नाही, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष अमेरिकन लेखक एरिक फ्लिंट यांनी उभा केला. त्यांच्या 2000 साली आलेल्या कादंबरीत एक अमेरिकन खाणकामगारांचे गाव सतराव्या शतकातल्या जर्मनीत, तीस वर्षांच्या युद्धाच्या मध्यावर जाऊन पडते. त्या जगात इतरांनी कथा लिहाव्यात म्हणून त्यांनी दार उघडले, कथांचे एक नियतकालिकच सुरू झाले आणि त्याचे शंभराहून अधिक अंक निघाले. महत्त्वाचे म्हणजे त्या कथांत जे घडे ते मालिकेचा इतिहास म्हणून धरले जाई आणि पुढच्या कादंबऱ्या ते गृहीत धरून चालत. इतकी माणसे मिळून एक जग चालवताना लागणारी शिस्त माझ्या एकटीच्या मालिकेला लागत नाही, पण कथेत ठरलेले कादंबरीवर बंधनकारक, हा नियम मी तिथूनच घेतला. त्याची एक उलट बाजूही मी पाळते: कथेत सम्राट मरत नाही, राजधानी हलत नाही, युद्ध सुरू होत नाही. तसली मोठी घटना कथेत उरकून टाकली तर कादंबऱ्याच वाचणाऱ्यावर अन्याय होतो, आणि कथेचाही तोल जातो.

कालिकतच्या कथेकडे परत येते. सफरींवर दुभाषा म्हणून गेलेल्या मा ह्वान याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात तिथल्या सौद्याचे वर्णन आहे. राज्याचे अधिकारी, दलाल आणि चिनी प्रतिनिधी एकत्र बसून एकेका वस्तूचा भाव ठरवत. या कामाला महिना, कधी तीन महिनेही लागत. भाव ठरला की सर्वांनी एकमेकांचे हात हातात घ्यायचे, आणि मग तो भाव महाग ठरो वा स्वस्त, कोणी मागे फिरायचे नाही. हिशेब करणारा तिथला माणूस चिन्यांसारखी मण्यांची चौकट वापरत नसे; हातापायांच्या वीस बोटांवर तो सगळी बेरीज-वजाबाकी करी आणि त्यात तिळमात्र चूक होत नसे, याचे मा ह्वानला मोठे आश्चर्य वाटले होते.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी जे केले ते आज वाचवत नाही. बोटांवर मोजणारा म्हातारा आणि चिनी चौकट शिकलेला त्याचा नातू, असा संघर्ष मी उभा केला होता. सफरी चालू राहिल्या म्हणजे चौकट पसरणार, जुने जाणार, नवे येणार. पण ज्या पद्धतीत चूक होत नाही ती माणसे का सोडतील? वृत्तांत लिहिणारा परका माणूस स्वतःच त्या पद्धतीची तारीफ करत असताना, मी तिला मोडीत काढायला निघाले होते, ती केवळ बदल दाखवला पाहिजे या हट्टापायी. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याला हा आजार जडतो: फाट्यानंतरची प्रत्येक गोष्ट वेगळी असलीच पाहिजे असे वाटू लागते. नातू मी ठेवला, त्याला चिनी आकडे येतात हेही ठेवले, पण त्या आकड्यांचा उपयोग तो खलाशांच्या पोरांशी पैजा लावण्यासाठी करतो. म्हातारा अखेरपर्यंत पायाच्या बोटांवर मोजतो आणि बरोबर मोजतो.

मग कथेत बदलले काय, तर वेळ. कथेच्या पहिल्याच वाक्यात जहाजे उशिरा आलेली आहेत, आणि ते वाक्य लिहिताना त्याचा परिणाम काय होईल हे मला पुरते उमगले नव्हते. सातव्या सफरीच्या तारखा नोंदलेल्या आहेत: जहाजे 10 डिसेंबर 1432 रोजी कालिकतला पोहोचली, 17 जानेवारी 1433 रोजी होर्मुझला, आणि मार्चअखेरीस परत कालिकतला. हे वेळापत्रक माणसांनी ठरवलेले नाही, वाऱ्याने ठरवलेले आहे. सम्राट जगला काय किंवा मेला काय, ईशान्येचा वारा हिवाळ्यातच वाहणार आणि नैर्ऋत्येचा पावसाळ्याच्या तोंडावर. माझ्या मालिकेत ज्याला फाटा फुटत नाही असे जे थोडेफार आहे, त्यात हा वारा पहिला. तेव्हा जहाजांना दोन महिने उशीर झाला, तर तीन महिने चालणारा सौदा तीन आठवड्यांत आटोपावा लागणार. म्हातारा हिशेबात चुकत नाही, पण हिशेबापूर्वी लागणारी घासाघीस करायला त्याला सवड मिळत नाही. हात हातात घेतले जातात, आणि त्याच रात्री त्याला कळते की भाव चुकला आहे. मागे फिरण्याची सोय नाही. सगळी कथा त्या रात्रीची आहे. हीच गोष्ट प्रत्यक्ष इतिहासात 1432 साली घडू शकली असती का, असे एका वाचकाने मला विचारले. घडू शकली असती. पण तेव्हा ती अपवादाची गोष्ट झाली असती. माझ्या म्हाताऱ्याने आयुष्यभरात असे दहा-बारा सौदे केले आहेत, त्याला पुढच्या सफरीला पुन्हा त्याच माणसांसमोर बसायचे आहे, आणि ते माहीत असल्यानेच तो गप्प राहतो.

जन्मांचा प्रश्न मी लवकर आटोपते, कारण त्यावर वाद घालणाऱ्यांचा उत्साह माझ्यापेक्षा दांडगा आहे. फाट्यानंतर जन्मलेली माणसे त्या जगात असावीत का? कडक नियम असा, की एकही नसावे. गर्भधारणेची वेळ क्षणभर इकडची तिकडे झाली तरी माणूस वेगळा. मी जरा सैल नियम लावते: बदलाची लाट जिथे पोहोचली असेल तिथून पुढे ओळखीचा एकही जन्म नाही, जिथे ती पोहोचायची आहे तिथे चालेल. कॉन्स्टँटिनोपल घेणारा दुसरा मेहमेद 1432 चा, म्हणजे फाट्याच्या आधीचा, त्यामुळे तो निर्धास्तपणे माझ्या जगात आहे. कोलंबस 1451 चा. माझ्या नियमाने तो जिनोआत जन्मू शकतो, आणि त्याच्यावर कथा लिहा असा आग्रह मला वारंवार झालेला आहे. मी ती लिहिणार नाही. तो कथेत आला, की तिच्यातील प्रत्येक वाक्य त्याच्या नावाकडे बोट दाखवू लागेल, आणि लोकरीच्या विणकराचा मुलगा म्हणून त्याला जे साधे आयुष्य मी देऊ शकले असते ते वाचक त्याला जगू देणार नाहीत.

या सगळ्याची नोंद मी एका जाड वहीत ठेवते, तिला घरात खतावणी म्हणतात. कादंबऱ्यांच्या वेळी तीत सम्राट, सफरी आणि लढाया होत्या. कथा सुरू झाल्यापासून मिऱ्यांचे भाव, गोदीतल्या सुतारांची संख्या, कोणत्या बंदरात कोणत्या भाषेतला दुभाषा मिळतो आणि कोणत्या साली वारा कधी फिरला, असल्या नोंदींनी ती भरत चालली आहे. चौथ्या कादंबरीचे पहिले प्रकरण लिहिताना मी ती उघडली तेव्हा जाणवले, की दरबारातल्या माणसाला एक वाक्य बोलायला लावण्याआधी मला आता चार पाने उलटावी लागतात. लिहिण्याचा वेग त्यामुळे निम्म्यावर आला आहे, आणि मला त्याची तक्रार नाही.

सध्या हातात असलेली कथा अडली आहे. प्रत्यक्ष इतिहासात झेंग-हेच्या सफरींची सरकारी दप्तरे नाहीशी झाली. 1470 च्या दशकात दरबारातून त्यांची मागणी झाली तेव्हा ल्यू दाश्या नावाच्या अधिकाऱ्याने, पुन्हा तसल्या खर्चिक सफरी निघू नयेत म्हणून, ती लपवली किंवा नष्ट केली असे सांगितले जाते. माझ्या जगात ती नष्ट करण्याचे कोणालाच कारण नाही, कारण सफरी चालूच आहेत आणि दर सफरीला दप्तरे वाढतच आहेत. तिथे ती कोणी जपतही नाही. एका अभिलेखागारातल्या दुय्यम लेखनिकाला, नव्या कागदांसाठी जागा करायची म्हणून, पहिल्या सफरींची कपाटे रिकामी करण्याचा हुकूम मिळतो. आपल्या जगातला कोणताही इतिहासकार ज्या कागदांसाठी आयुष्य देईल ते कागद त्याच्या हातात आहेत, आणि त्याच्या दृष्टीने ती रद्दी आहे. तो ते फेकेल असेच मला वाटते, आणि तो का फेकतो हे लिहिता आले पाहिजे, त्याला मूर्ख न ठरवता. कपाटासमोर त्याला उभा करून मला तीन आठवडे झाले. तांग काळात चिनी कागदाला कीड लागू नये म्हणून एका झाडाच्या सालीचा पिवळा रंग देत असत. मिंग काळातल्या साध्या सरकारी कागदाला असा रंग देण्याइतका खर्च कोणी केला असेल का, हे मी शोधते आहे, कारण त्यावरून ठरणार आहे की त्याने पहिले कपाट उघडल्यावर आतून कागद बाहेर येतात की नुसता भुगा.